पलीकडे गेलं की चिन्ह बदलतं

परचुरे मॅडम चाचणीचे पेपर नुसते वाटत नसत, वाचून दाखवून वाटत. अर्थात सगळे नाहीत. ज्यांचं वाचण्यासारखं असेल त्यांचेच.

"उत्तरेश्वर कोण?" त्यांनी विचारलं.

मागच्या बाकावरचा एक हडकुळा मुलगा उभा राहिला. त्याच्या नावावरून जे काही विनोद करायचे ते वर्गाने पहिल्याच आठवड्यात करून घेतले होते, त्यामुळे आता कुणी हसलं नाही. हसायचं कारण पुढे यायचं होतं.

"प्रश्न असा होता," मॅडम म्हणाल्या. "आईचं आजचं वय मुलीच्या वयाच्या तिप्पट आहे. दहा वर्षांनी ते दुप्पट होईल. तर दोघींची आजची वयं काढा. आपण काय काढलंत? वडिलांचं वय पंचेचाळीस, मुलाचं पंधरा." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "गणितात आई आहे, मुलगी आहे. हे वडील कुठून आले? कुणी बोलावलं होतं त्यांना?"

वर्ग खो खो हसला. उत्तरेश्वरही थोडा हसला, कारण अशा वेळी तोंडाचं दुसरं काय करायचं ते त्याला सुचेना. त्याचे कान मात्र तापले होते. पेपर हातात आला तेव्हा त्याने पाहिलं, एकही खाडाखोड नव्हती. 'समजा, मुलाचे वय x मानू' इथपासून खाली दोन रेघा मारलेल्या उत्तरापर्यंत सगळं अक्षर टपोरं, समास सोडलेला. फक्त विचारलेल्या गणिताशी त्याचा काही संबंध नव्हता.

झालं होतं ते असं. लातूरकडच्या त्याच्या शाळेत गणिताचे सर हमखास येणारी गणितं फळ्यावर उत्तरासकट लिहून देत आणि मुलं ती पाठ करत. इतिहासाच्या सनावळ्या पाठ करायच्या, तसं गणितही पाठ करायचं. यात काही चुकतंय असं कुणालाच वाटत नव्हतं, कारण मार्क पडत होते. उत्तरेश्वरला दहावीला गणितात दीडशेपैकी एकशे सदतीस पडले. बारावीलाही त्याच गाडीने तो पार झाला. त्याचा फोटो गावच्या एसटी स्टँडवर फ्लेक्सवर झळकला, आणि तो पुण्याला कॉम्प्युटर सायन्सला आला, कारण सगळेच येत होते. हिंजवडीत काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि त्यांच्या आत जाण्याचा रस्ता गणितातून जातो असं ऐकून होता. वयांचं गणित त्याने दहावीला पाठ केलं होतं. त्यात वडील होते. चाचणीत 'वय' आणि 'तिप्पट' हे शब्द दिसल्याबरोबर हात आपोआप चालू लागला. पुढचं वाचायची गरजच वाटली नाही.

त्या दिवशी सूचनाफलकावर नोटीस लागली. चाचणीत पडलेल्यांसाठी कॉलेज सुटल्यावर बीजगणिताचा जादा वर्ग. सातवी-आठवीपासून सुरुवात. पुढच्या चाचणीत पास न होणाऱ्याला सत्र परीक्षेला बसू देणार नाहीत, हे मॅडमनी वेगळं सांगितलं. नोटिशीत पहिलंच नाव त्याचं होतं. स्टँडवरचा फ्लेक्स काढून कुणी इथे आणून लावलाय असं त्याला वाटलं.

तो धायरीत राहायचा. घरमालकीण मथुराबाईंची जमीन रस्त्याकडेची. तिथे आता दोनमजली इमारत होती आणि वरच्या मजल्यावर खोल्या भाड्याने दिल्या होत्या. मुलगा साईनाथ प्लॉटच्या व्यवहारात दिवसभर बाहेर. घरात मथुराबाई, सून आणि नात संस्कृती. जादा वर्ग सुरू झाल्यावर उत्तरेश्वर दिवेलागणीनंतर घरी येऊ लागला, तेव्हा मथुराबाईंनी जिन्यातच गाठलं.

"उशीर का व्हतो रं हल्ली?"

"गणिताचा जादा वर्ग असतो."

मथुराबाईंचे डोळे मोठे झाले. एकशे सदतीसची बातमी त्यांना भाडं ठरवतानाच कळली होती. "आता कॉलेजातबी शिकवाया लागलास व्हय? एवढ्या लवकर?"

इथे त्याने 'नाही हो, मला शिकायला बसवतात' म्हणायला हवं होतं. दोन पायऱ्या खाली बाई उभ्या, चेहऱ्यावर कौतुक मावत नव्हतं, आणि दिवसभर परचुरे मॅडमची बोलणी खाऊन आलेला तो. तो नुसता हसला. त्या हसण्याचा अर्थ मथुराबाईंनी आपल्या परीने लावला आणि दुसऱ्या दिवसापासून त्या त्याला 'सर' म्हणू लागल्या. म्हणजे नुसतं म्हणू लागल्या नाहीत, तर आळीत सांगू लागल्या. दुधाच्या दुकानात एका अनोळखी बाईने त्याला आधी दूध घेऊ दिलं. "कॉलेजातले सर हायत ते," ती दुकानदाराला म्हणाली. उत्तरेश्वर पिशवी घेऊन जवळजवळ पळालाच.

पुढची पायरी ठरलेलीच होती. मथुराबाईंनी एका रविवारी त्याला खाली बोलावलं, खुर्ची पुसून दिली आणि नातीला पुढे उभं केलं. "सर, आमच्या पोरीला जरा गणित दावा. आठवीत हाय. माझा अंगठा चालला, तिचा न्हाई चालायचा. तिला इंजनेर करायचीय."

संस्कृती उंच, सडपातळ मुलगी होती आणि तिला सारखं काहीतरी विचारायची खोड होती. कालव्याला आज पाणी कमी का, खडकवासल्याचं पाणी इथून जातं तर आपल्याकडे टँकर का, सरांच्या गावाला धरण नाही का. मथुराबाई कौतुकाने वैतागायच्या. "हिला गप बसवाया एक माणूस ठेवाया पायजे," म्हणायच्या.

पहिल्या दिवशी त्याने x + 5 = 12 लिहिलं. "पाच पलीकडे गेलं की चिन्ह बदलतं. प्लसचं मायनस. बारातून पाच गेले, सात."

"सर, पण पलीकडे गेल्यावर मायनस का होतं?"

उत्तरेश्वर थांबला. खरंच, का होतं? हे त्याला ठाऊकच नव्हतं. ठाऊक नाही हे ठाऊक असण्याची वेळही आजवर आली नव्हती. "नियम आहे," तो म्हणाला.

"कुणी केला?"

स्वयंपाकघराच्या दारात मथुराबाई चहाचा कप घेऊन उभ्या होत्या. सर आता काय सांगतात ते त्यांनाही ऐकायचं होतं.  मग उत्तरेश्वरच्या तोंडून आवाज निघाला तो त्याचा नव्हता, परचुरे मॅडमचा होता. "आपल्याला गणितं सोडवायचीयत की गप्पा मारायच्यात?"

संस्कृतीचा चेहरा पडला. पण मुलगी चिवट होती. दोन दिवसांनी तिने पुन्हा विचारलं, जरा हळू आवाजात. तेव्हा त्याने तिला जे ऐकवलं ते त्याच्या गावाकडच्या सरांचं होतं. "हुशार मुलं प्रश्न विचारत नाहीत. गणितं सोडवतात."

त्यानंतर तिने विचारलं नाही. आधी गणिताबद्दल विचारायची थांबली, मग कालव्याबद्दल. तो कागदावर उत्तरं लिहून द्यायचा, ती उतरवून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी जशीच्या तशी लिहून दाखवायची. घटक चाचणीत तिला वर्गात सर्वांत जास्त मार्क पडले. मथुराबाईंनी मंडईतून येताना पेढे आणले आणि पहिला पेढा सरांच्या हातावर ठेवला. "लई शांत झाली बगा तुमच्या हाताखाली," त्या म्हणाल्या. त्याने तो पेढा न खाता खिशात ठेवला.

जादा वर्गात त्याची स्वतःची गाडी अडलेलीच होती. तिथे पाठ करायची सोय नव्हती. मॅडम रोज आकडे बदलत, अक्षरं बदलत, मुद्दाम आईच्या जागी मावशी आणत. एक दिवस त्यांनी फळ्यावर नेमकं तेच लिहिलं, x + 5 = 12, आणि उत्तरेश्वरला उभं केलं. 

"पाच पलीकडे गेलं की..." त्याने सुरुवात केली.

"थांबा. पलीकडे जातं म्हणजे? कशाने जातं? बसने?"

पोरं हसली. यावेळी त्याला हसूही आलं नाही. मॅडमनी खडू उचलला. "कुठेही काही जात नाही. ही बरोबरची खूण काय म्हणते? दोन्ही बाजू सारख्या आहेत. त्या सारख्या ठेवायच्या असतील तर इकडून पाच काढले की तिकडूनही पाच काढायला लागतील. भावकीत वाटणी बघितलीय ना? एकाच्या हिश्श्यातून काढलंत आणि दुसऱ्याच्या नाही, तर राहतील का सारखे?" त्यांनी दोन्ही बाजूंना −5 लिहिलं. डावीकडचे पाच संपले. उजवीकडे सात उरले. "इकडचं दिसेनासं होतं, तिकडचं मायनस दिसतं, म्हणून आळशी लोक म्हणतात पलीकडे गेलं."

उत्तरेश्वर फळ्याकडे बघत राहिला. एवढंच होतं? इतकी वर्षं तो ज्याच्या दारात उभा होता ते दार नुसतं लोटलेलं होतं? त्याला विलक्षण आनंद झाला, अगदी खराखुरा, छातीत मावेना असा. आणि कधी नव्हे ते तो आपणहून बोलला. "मॅडम, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं."

"आपण विचारलं होतंत?" मॅडम म्हणाल्या आणि फळा पुसायला वळल्या.

विचारलं होतं. त्याला आठवलं. आठवीतच, असाच उभा राहून, हाच प्रश्न. आणि सर म्हणाले होते, हुशार मुलं प्रश्न विचारत नाहीत. त्याला हुशार व्हायचं होतं. म्हणून तो खाली बसला होता.

स्वारगेटहून धायरीच्या बसमध्ये त्याला बसायला जागा मिळाली तरी तो उभाच राहिला. अज्ञानाची लाज त्याला आता सवयीची झाली होती. तिच्यासकट जेवता यायचं, झोपता यायचं. ही लाज वेगळी होती. त्याच्याकडे काही नव्हतं म्हणून ही लाज नव्हती. एका पोरीकडे काहीतरी होतं आणि ते त्याने, स्वतःची अब्रू झाकायला, तिच्याकडून काढून घेतलं होतं. परचुरे मॅडमनी शंभर वेळा वर्गापुढे हसं केलं असतं तरी त्याला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं नसतं.

तो खोलीवर न जाता थेट खाली मथुराबाईंकडे गेला. त्यांनी खुर्ची पुढे केली. तो बसला नाही.

"आजी, मी कॉलेजात शिकवत नाही," तो म्हणाला. "मला तिथं शिकायला बसवतात. गणितात नापास झालो म्हणून. सातवी-आठवीचं शिकवतात आम्हाला."

मथुराबाई हातातला तांब्या घेऊन तशाच उभ्या राहिल्या. दारातून संस्कृती ऐकत होती. "मग ते एकशे सदतीस?" मथुराबाईंनी विचारलं.

"पाठ केले होते."

"अन् मी समद्या आळीत सांगून बसले की," त्या म्हणाल्या. मग त्यांच्या लक्षात आलं असावं की हे आपण स्वतःचंच बघतोय. त्यांनी तांब्या खाली ठेवला. "पोरा, जिन्यातच बोलला असतास तर म्या काय खाल्लं असतं व्हय तुला?"

'सर'चा 'पोरा' झाला होता. त्याला ते बरं वाटलं आणि त्याचे डोळेही भरून आले, म्हणून त्याने घाईघाईने संस्कृतीला हाक मारली. ती वही घेऊन आली. तो तिच्याशेजारी जमिनीवर बसला.

"तू मला विचारलं होतंस, पलीकडे गेल्यावर मायनस का होतं."

"नियम आहे, सर," ती म्हणाली.

"नाही. मला येत नव्हतं, म्हणून मी तसं म्हणालो. मी तुला उगाच बोललो. चूक माझी होती." मग त्याने x + 5 = 12 लिहिलं आणि दोन्हीकडून पाच काढून दाखवले, वाटणीसकट सगळं सांगितलं, मॅडमनी सांगितलं त्याहून सावकाश. "कळलं?"

"हो, सर."

"काही विचारायचंय?"

तिने मान हलवली. नाही. उत्तरेश्वर वाट बघत राहिला. पूर्वी इतक्या वेळात तिने भावकी म्हणजे कोण, तिसरा भाऊ असला तर, आणि त्याला काहीच नको असलं तर, इथपर्यंत मजल मारली असती.

"उद्यापासून असं करू," तो शेवटी म्हणाला. "रोज आधी तू मला एक प्रश्न विचारायचास. कसलाही. मला उत्तर आलं नाही तर नाही म्हणून सांगेन. मग गणितं."

संस्कृतीने शहाण्यासारखी मान डोलावली. वहीचं नवं पान काढलं, समास आखला, पेनाचं टोपण काढलं आणि त्याच्याकडे बघत थांबली.

"कुठला विचारू, सर?" ती म्हणाली. "सांगा, मी लिहून घेते."