बेचाळिसावा रंधा

एक पाय चौकटीला लावून त्यानं न्हाणीघराच्या दाराची मूठ ओढली. दार हललं नाही. आतून आईनं ढकललं, म्हणजे ढकलल्यासारखं केलं. मागे पाय घसरून पडली तेव्हापासून तिच्या खांद्यात जोर म्हणून उरला नव्हता.

“आई, बाजूला हो जरा.”

“कुठं होऊ बाजूला? बादलीत बसू?”

तिसऱ्या हिसक्याला दाराचा खालचा कोपरा फरशीवर करकरत सुटला आणि तो स्वतः मागे कपड्यांच्या दोरीत जाऊन अडकला. आई भिंत धरून बाहेर आली. त्याच्याकडे न बघता बाहेरच्या खोलीत गेली आणि कॉटवर भिंतीकडे तोंड करून बसली.

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात आईचा पेला, काठोकाठ भरलेला.

“सकाळी भरून ठेवला होता. तसाच आहे. कालचाही तसाच ओतला मी.”

“मग?”

“मग काय मग! आई पाणी पीत नाहीत. पाणी प्यायलं की जावं लागतं, आणि गेलं की अडकायला होतं. डॉक्टरांनी बजावून सांगितलंय, पाणी कमी पडलं तर परत दवाखान्यात न्यावं लागेल. आठ दिवस मी बघतेय. तोंडानं बोलत नाहीत त्या, पण पेला बोलतो ना.”

“रविवारी करतो दाराचं. नोंद घेतलीय.”

शब्द तोंडातून निसटल्यावर त्यानं जीभ चावली.

“मी तुमच्या खिडकीवर आलेली नाही,” बायको म्हणाली आणि पेला तिथंच, त्याच्या समोरच्या स्टुलावर आपटून आत गेली.

खिडकी म्हणजे पाणीपुरवठ्याच्या कार्यालयातली तक्रारीची खिडकी. वीस वर्षं तो तिच्यामागे बसला होता. नळ गळतोय, पाइप फुटलाय, तीन दिवस पाणी नाही. लोक बोलायचे, तो लिहायचा, शिक्का मारायचा आणि नोंद घेतलीय म्हणायचा. पुढं त्या नोंदीचं काय होतं ते त्याला ठाऊक नव्हतं. ते काम वरच्या मजल्यावर चालायचं, आणि वरच्या मजल्यावर कोण काय करतं हे विचारणारा माणूस त्या इमारतीत टिकत नसे.

घर घेताना आतली खोली आईसाठी ठरली होती. आता तिथं रंधे होते. एकेचाळीस. हातभर लांबीचे, मुठीत मावणारे, लोखंडी, लाकडी, पोटाला तडा गेलेले. शिवाय खोकी भरून पटाश्या, भिंतीवर करवती, आणि लाकडाला भोकं पाडायची गिरमिटं इतकी, की बायको म्हणायची, “जहाज बांधायला काढलंय का?” यातल्या एकाही हत्यारानं या घरात लाकडाला हात लावला नव्हता. तो गंज काढायचा, तेल लावायचा, कुणा अनोळखी माणसाच्या घामानं काळ्या पडलेल्या मुठीवरून अंगठा फिरवायचा. धार मात्र लावत नसे. धार लावली की पातं झिजतं.

शहाण्या लोकांना वाटतं, अशा माणसाला आपण काय करतोय ते कळत नाही. त्याला सगळं कळत होतं. रस्त्याकडेच्या पोत्यावर एखादा रंधा पालथा पडलेला दिसला की त्याच्या तळहाताला खाज सुटायची. तो विकत घेतला की खाज थांबायची, ती घराचा जिना चढेपर्यंत. पहिल्या मजल्यावर पोचेतो पुढचा दिसायला लागलेला असायचा.

शनिवारी संध्याकाळी त्यानं एकेचाळीसच्या एकेचाळीस जमिनीवर मांडले. हा फार लांब. याची पाचर सैल. याचं पातं मूळ कारखान्याचं, ते दारावर घासायचं म्हणजे पाप. दाराच्या कडेला हवा होता आखूड, वजनदार आणि धार तयार असलेला. तो नेमका नव्हता. नेमका तो नसायचाच.

“एकेचाळिसांत एक नाही?” बायकोनं दारातूनच विचारलं. आत पाय ठेवायला जागा नव्हती.

“प्रत्येकाचं काम वेगळं असतं.”

“असेल बाई. घरात फक्त आईंचं आणि माझं काम एकच. तुमची वाट बघायची.”

रविवारी सकाळी तो पिशवी घेऊन निघाला.

“तासाभरात आलो. आजच करतो दार.”

“दार करायला पिशवी कशाला?”

तोवर तो अर्धा जिना उतरला होता.

जुना बाजार गोदामांच्या मागच्या गल्लीत भरायचा. पंखे, कुलपं, बिनकाचेचे चष्मे. नेहमीच्या भंगारवाल्यांना ओलांडून तो गेला आणि गल्लीच्या टोकाला थबकला. एक म्हातारा मिस्त्री चादर अंथरून बसला होता. चादरीवर मोजकी सात-आठ हत्यारं, ओळीनं, धारा एकाच बाजूला. भंगारवाला हत्यारं ओततो. हा माणूस मांडून बसला होता.

मधोमध एक आखूड रंधा होता.

त्यानं तो उचलला. वजन मनगटात उतरलं. पात्यावर नखाची कड टेकवली तर नखाची बारीक साल निघाली.

“कालच लावलीय धार,” मिस्त्री म्हणाला. “बोथट हत्यार विकायचं म्हणजे उपाशी जनावर विकण्यासारखं. मनगट गेलं माझं, हत्यारांनी काय पाप केलंय? कशाला पाहिजे?”

“न्हाणीघराचं दार घासतंय.”

“कुठं घासतंय?”

“खाली, फरशीला. कडीच्या बाजूला. वर चौकटीलाही लागतं त्याच बाजूला.”

“आणि बिजागरीच्या बाजूला, वर? फट आहे?”

त्यानं डोळे मिटून दार आठवलं. दार त्यानं महिनाभर ओढलं होतं, बघितलं कधीच नव्हतं. तरी फट आठवली. “आहे. बोट जाईल एवढी.”

मिस्त्रीनं त्याच्या हातातला रंधा अलगद काढून घेतला आणि चादरीवर जागच्या जागी ठेवला.

“साहेब, दार फुगलेलं नाही. लटकलंय. वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले झालेत. ते काढा, भोकात काडेपेटीच्या दोन-दोन काड्या ठोका, गूल मोडून, आणि परत आवळा. पाव तास. रंधा अजिबात लावू नका. लटकलेलं दार तासलं तर सरळ झाल्यावर फट पडते. मग रडत बसाल.”

सोनारानं कान टोचले की दुखत नाही म्हणतात. त्याला दुखलं. महिनाभराचं दुखणं दोन काड्यांचं निघालं, याचा आनंद कुठल्याही सरळ माणसाला झाला असता. त्याला राग आला. मिस्त्रीचा, काड्यांचा, आणि चादरीवर त्याच्या बोटांपासून वीतभर लांब पडलेल्या त्या रंध्याला आता काहीच कारण उरलं नाही, याचा.

“द्या तरी,” तो म्हणाला.

“काय करणार?”

“द्या हो तुम्ही.”

मिस्त्रीनं त्याचे तळहात पाहिले. शाई लागलेले, मऊ. मग रंधा वर्तमानपत्रात गुंडाळून दिला.

घरी आल्यावर त्यानं पिशवी लपवली नाही. रंधा सरळ स्टुलावर ठेवला.

“आणलात,” बायको म्हणाली.

“याच्याशिवाय होणार नव्हतं. एका मिस्त्रीला विचारलं मी. तो म्हणाला, कडा तासाव्या लागतील.”

खोटं इतकं सहज निघालं की त्याला स्वतःलाच ते खरंच ऐकल्यासारखं वाटलं.

दार उतरवायला घरात पेचकस सापडेना. एवढ्या हत्यारांत पेचकस नव्हता. जुना पेचकस कोण जमवतो? शेवटी बायकोनं शिवणयंत्राच्या खणातला, बोटाएवढा, काढून दिला. त्याचीही फारशी गरज पडली नाही. वरच्या बिजागरीचे तीनही स्क्रू चिमटीत धरताच दुधाच्या दातांसारखे हातात आले. बायको बघत होती. त्यानं ते पटकन खिशात टाकले.

दार गॅलरीत आडवं घातलं, कड वर करून. रंधा टेकवला आणि ढकलला.

पहिल्या हाताला तो अडखळला, दुसऱ्याला घसरला. तिसऱ्याला रंध्याच्या तोंडातून लाकडाचं एक सालपट वर आलं, कागदासारखं पातळ, गुंडाळत, गुंडाळत, आणि त्याच्या मनगटावर येऊन पडलं. कोमट होतं. वर्षानुवर्षं तो या हत्यारांच्या मुठी चोळत आला होता; ती कशासाठी असतात ते त्याला आज कळलं. त्यानं पुन्हा ढकललं. कडीच्या बाजूची कड झाली, खालची झाली. खालची बरोबर वाटेना म्हणून पुन्हा कडीची. घाम नाकाच्या शेंड्यावरून दारावर पडत होता. आतून बायको दोनदा म्हणाली, “बास झालं की हो.” तिसऱ्यांदा ती म्हणाली नाही. गॅलरीभर पिवळी सालपटं पसरली होती आणि तो त्यांत घोट्यापर्यंत उभा होता, आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी केल्यासारखा.

परत बसवताना स्क्रू भोकांत धरेनात. तो स्वयंपाकघरात गेला, काडेपेटी घेतली आणि बायकोकडे पाठ करून काड्यांची गुलं मोडली. काड्या ठोकल्या, स्क्रू आवळले. ते घट्ट बसले, मिस्त्री म्हणाला होता तसे. दार उचललं गेलं, सरळ झालं आणि एका बोटानं फिरायला लागलं.

त्यानं ते लावलं. चौकट आणि दार यांच्यामध्ये दीड बोट फट राहिली. आतली कडी सरकवली, तर ती चौकटीतल्या भोकापर्यंत पोचलीच नाही. खालून फरशीवरचा उजेड दिसत होता. हात काढल्यावर दार आपसूक, शांतपणे, अगदी आदबीनं उघडलं.

बायकोनं फटीकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. तिनं आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. ती मोबाइल घेऊन खोलीत गेली आणि कुणाशी तरी बोलून परत आली.

“सुतार उद्या संध्याकाळी येतोय. पट्टी मारून देईल म्हणाला. सकाळीच बोलवणार होते. तुम्ही करतो म्हणालात म्हणून थांबले.” दाराकडे बघत ती म्हणाली, “तोवर पडदा लावते.”

“पडदा?” कॉटवरून आई म्हणाली. “माझं काय नाटक आहे आत?”

ती उठली, भिंत धरत आली, फटीत आपली बोटं घालून बघितली. चारही गेली.

“उद्या संध्याकाळपर्यंत काही मला धरवणार नाही. तू ये,” ती त्याला म्हणाली. “बस इथं. दार धर.”

“मी धरते आई,” बायको म्हणाली.

“तू नको. तू खूप धरलंस.”

आई आत गेली. तो दाराशी जमिनीवर बसला, तोंड दुसरीकडे करून, आणि हात लांबवून तळहातानं दार दाबून धरलं. बायको गॅलरीत सालपटं झाडायला लागली. झाडूचा आवाज येत राहिला.

“आहेस ना?” आतून आई.

“आहे.”

“मग बोल काहीतरी. गप्प बसलास की वाटतं, गेलास बाजारात.”

हाताला कळ लागली. त्यानं हात बदलला. तेवढ्यात दार दोन बोटं सरकलं, त्यानं ते पुन्हा दाबलं.

“आई, दार फुगलेलं नव्हतंच. वरची बिजागरी ढिली होती.”

आत नळ सुरू झाला आणि बंद झाला. गॅलरीतला झाडूही थांबला.

“मिस्त्रीनं सांगितलं होतं मला,” तो म्हणाला. “रंधा घ्यायच्या आधी.”

“त्यानं काय सांगायचंय? मला पहिल्या दिवसापासून दिसत होतं. दार ढकललं की वरचा स्क्रू बाहेर यायचा. आत अडकून पडल्यावर दुसरं बघायला असतं काय?”

“मग तू बोलली का नाहीस?”

“बोलले होते. बिजागरी हलतेय म्हणाले होते. तू एक रंधा पुसत बसला होतास. बघतो म्हणालास.”

कोणता रंधा, ते त्याला लख्ख आठवलं. मुठीवर जळल्याचा डाग असलेला, डाव्या बाजूला चिरलेला. त्या दिवशी त्याला कुठलं तेल लावलं होतं तेही. आईचा शब्द मात्र एकही आठवेना.

“धर नीट,” आई आतून म्हणाली. “उजेड येतोय.”