जुळी गाठ

गाठ बारा मिलिमीटर लांब आणि नऊ रुंद होती. तिच्या उजव्या कडेला, घड्याळात जिथे दोन वाजतात तिथे, केसाएवढी चीर होती आणि चिरेच्या टोकाशी एक तपकिरी ठिपका. आत्याने भिंग उचललं, गुडघ्यांवर रांगत चार पट्ट्या ओलांडल्या आणि पुन्हा टेकवलं. बारा, नऊ, दोन वाजताची चीर, ठिपका.

"सापडली!" ती एवढ्या जोरात म्हणाली की दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. "जुळी गाठ! म्हणजे हीसुद्धा बाद."

दुकानदाराने कपाळाला हात लावला. "मॅडम, लॅमिनेट आहे ते. वर लाकडाचा फोटोच छापलेला असतो. कुठे ना कुठे परत येणारच की तो."

"येऊ दे. माझ्या खोलीत नको. खऱ्या लाकडात तीच गाठ दोनदा येत नाही."

"बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेत असते आमची आत्या," भाचीने दुकानदाराला समजावलं. "पोतंभर दाण्यांत एक किडका असला तरी हिच्या नजरेतून सुटत नाही. नवरा का सापडला नाही, ते आलं ना लक्षात?"

"गप्प बस, चोंबडे."

खरं तर नवरा सापडला होता. अडलं होतं ते उत्तर. दोन वर्षांपूर्वी आत्याच्या तळमजल्यावरच्या घराची जुनी लाकडी जमीन ओल लागून कुजली. ती उखडायला आलेल्या सुताराने आठ दिवस काम केलं आणि नवव्या दिवशी, काही काम नसताना, तो पुन्हा आला. बायको जाऊन त्याला सहा वर्षं झाली होती. पेन्सिल कानामागे खोचत त्याने दारातच विचारलं, "लग्न कराल का माझ्याशी?"

आत्या तेव्हा एक्कावन्न वर्षांची होती. असं कुणी विचारेल ही आशा तिने कधीच घडी घालून ठेवून दिली होती. गडबडीत तिच्या तोंडून निघून गेलं, "आधी जमीन तर ठरू दे. मग बघू."

"ठरू दे," तो म्हणाला. वर हेही सांगितलं, की या घरात परत लाकूड घालू नका, पुन्हा कुजेल. लाकडासारखं हुबेहूब लॅमिनेट मिळतं, ते शोधा.

तेव्हापासून आत्या उघड्या सिमेंटवर राहत होती आणि हुबेहूब शोधत होती. अकरा दुकानं झाली, चाळीस नमुने झाले. बहुतेक वेळा सुतारही बरोबर असायचा. पट्ट्या उचलून द्यायचा, पुन्हा रचून ठेवायचा आणि त्या प्रश्नाबद्दल चकार शब्द काढायचा नाही.

आज तो जरा उशिरा आला. बगलेत चादरीत गुंडाळलेलं काहीतरी लांबट होतं. ते त्याने भिंतीला टेकवून ठेवलं.

"काय म्हणतेय जमीन?"

"तुमची वाट बघतेय," भाची म्हणाली. आत्याने तिला कोपर मारलं.

तेवढ्यात दुकानदाराने आतून नवा खोका आणला. "हा शेवटचा, मॅडम. हाही नाही पटला तर मी सरळ झाडं लावायला घेतो."

बारा पट्ट्या जमिनीवर अंथरल्या गेल्या आणि आत्या रांगत पुढे सरकली. तिने डोळे मिटून बोट फिरवलं. छापील रेष जिथे वळत होती तिथेच बोटाखालचा खोलगटपणाही वळत होता. उजेडाकडे तिरकं पाहिलं. प्लास्टिकची चकाकी नव्हती. टकटक केलं. खालच्या अस्तरामुळे पोकळ आवाज आला नाही. पहिल्या पट्टीवर भिंग, दुसरीवर, तिसरीवर. भाचीने तिचा हात धरला.

"आत्या, सापडली गं! सापडलीच!"

नवव्या पट्टीपर्यंत सगळं ठीक होतं. दहावीवर एक गाठ होती, पाण्याच्या थेंबासारखी. तशीच तिसरीवरही होती.

गेल्या खेपांना असं झालं की आत्याला आत कुठेतरी सुटल्यासारखं वाटायचं. आज तसं वाटलं नाही. छातीत काहीतरी धपकन खाली बसलं. ही नोंद तिने मनात नीट करून ठेवली, आणि मगच हळूच म्हणाली, "जुळी आहे."

भाचीने डोक्यावर हात मारून घेतला. सुतार मात्र उठला. त्याने चादर आणून जमिनीवर ठेवली आणि वरून एवढीच उघडली की दोन फळ्यांचे मधले भाग दिसावेत. "हे एवढं बघा, बाई. हात नाही लावायचा."

आत्या वाकली. तिला पाच सेकंदसुद्धा लागले नाहीत. "दोन्हीवर तीच गाठ, तीच चीर. नक्कल आहे, आणि तीही हलकी."

"नक्की?"

"नक्की."

"मग उचला."

फळी अपेक्षेपेक्षा कितीतरी जड निघाली. उलटी केली तर मागे खिळ्यांची भोकं, एका कडेला ओलीचा काळा डाग आणि आत्याच्या ओळखीचा वास.

"तुमच्याच पुढच्या खोलीतल्या आहेत," सुतार म्हणाला. "खिडकीखालच्या. एका ओंडक्यातून एकामागून एक कापलेल्या. गाठ म्हणजे मुळात फांदी असते, बाई. ती एका फळीत कशी थांबेल? पुढच्या फळीतही जातेच की."

आत्याने फळी सुलटी केली. या गाठीवर पायाचा अंगठा ठेवून तिने सगळ्या परीक्षांचा अभ्यास केला होता. शेजारची तिला कधी दिसलीच नव्हती. तिने पर्समधून मोजपट्टी काढली. एक अठरा मिलिमीटर, दुसरी साडेएकोणीस. चीर दोनवरून अडीचवर सरकलेली.

"जराशा फरकाने तीच गाठ आहे," ती म्हणाली आणि हसायलाच लागली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "अहो, म्हणजे माझी कसोटीच चुकीची! खरं लाकूड मीच नापास केलं!"

"बघा! मी काय सांगत होतो?" दुकानदार म्हणाला. त्याने असलं काहीच सांगितलेलं नव्हतं.

"या दोन फळ्या तुमच्याकडे दोन वर्षं होत्या?" आत्याने सुताराला विचारलं. "मग बोलला का नाहीत?"

त्याने चादरीची घडी घालायला घेतली. "मला वाटलं, तुम्हाला वेळ हवाय. वेळ काय, होता माझ्याकडे. आणि नमुने बघायच्या निमित्ताने भेट होत होती."

"मग आज का आणल्या?"

"मी सांगितलं आणायला," भाची म्हणाली. "यांनी मला त्या मागेच दाखवल्या होत्या. काल साडी कुठली नेसू म्हणून तू मला तीनदा विचारलंस. दुकानात येताना कोण विचारतं असं?"

आत्याचे कान लाल झाले. भिंग पुसून तिने पर्समध्ये टाकलं आणि पर्सची चेन लावली. ती उठली. गुडघे कटकट वाजले.

"आणखी काढू का नमुने?" दुकानदाराने भीतभीत विचारलं.

"नको. हीच द्या. पुढच्या खोलीला पुरेल एवढी." मग ती सुताराकडे वळली. एरवी एकेक शब्द तोलून बोलणारी ती आज सगळ्या दुकानाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "जमीन ठरली. आणि दारात विचारलं होतंत ना, त्याचं उत्तर हो आहे. आपण लग्न करू या."