टोकाला टोक

केकवर क्रीमची रेघ ओढण्यात तिचा हात धरणारं बेकरीत कुणी नव्हतं. डाव्या हाताने फिरती बैठक फिरवायची, उजव्या हाताने क्रीमची पिशवी अलगद दाबायची, की रेघ केकभोवती गिरकी घेई आणि जिथून निघाली तिथेच येऊन गुपचूप टेके. म्हणून बेकरी सोडून ती टॅटूच्या दुकानात शिकायला आली, तेव्हा आठ्या होत्या त्या आईच्या कपाळावर. ती स्वतः निर्धास्त होती. हात तोच, रेघ तीच. क्रीमच्या जागी शाई, एवढंच.

दुकानाच्या मालकाला सगळे मास्तर म्हणत. त्यांनी पहिल्याच दिवशी तिचं बारसं करून टाकलं, क्रीमवाली. मग कितीतरी महिने रबरी कातडीच्या तुकड्यांवर रेघा. मास्तरांनी अखेर मान डोलावली, तेव्हा धाकट्या भावाने मोठ्या थाटात बाही वर केली.

"घे ताई. दंडाभोवती एक कडं काढ. साधं. तुझं पहिलं गिऱ्हाईक मी."

तिने कागदाची सरळ पट्टी कापली, तिच्यावरची रेघ भावाच्या दंडावर छापून घेतली आणि त्या रेघेवरून सुई फिरवली. रेघ सुरेख उमटली. कुठे जाड नाही, कुठे फिकी नाही. दंडाला वळसा घालून ती परत आली खरी, पण घर चुकली. एक टोक वर, दुसरं चांगलं बोटभर खाली.

मास्तर वाकून बघत राहिले. रागावले नाहीत, आणि तेच तिला जास्त लागलं.

"का चुकलं, मास्तर?"

"मी सांगितलं तर ते माझंच राहील. तू शोध." ते हातमोजे उतरवत म्हणाले, "गिऱ्हाइकाच्या हाताभोवती तुझं टोकाला टोक मिळेल, त्या दिवशी ती खिडकीजवळची खुर्ची तुझी. पण आता एकच संधी देईन. लोकांची कातडी म्हणजे काही सरावाची वही नाही."

"आणि नाहीच जमलं तर?"

"तर क्रीम कुठे पळून जात नाही."

घरी भावाला तर ऊत आला. दिसेल त्याला तो दंड दाखवी. "बघा, ताईने गोल जिना बांधून दिलाय. चढा, चढा, वर हवा छान आहे." आईनेही भाजी निवडता निवडता तिथल्या तिथे जुळवलं:

*रेघ निघाली माहेरा, वाट चुकली गं बाई,*
*एक टोक दारापाशी, दुसऱ्याचा पत्ता नाही.*

ती हसली, पण मनात किडा वळवळू लागला. कागदाची पट्टी घेऊन ती घरभर फिरू लागली. लाटण्याच्या मधल्या भागाभोवती पट्टी शहाण्यासारखी बसली, टोकाला टोक. गाजराभोवती गुंडाळली, तर लगेच जिना चढू लागली. बाटलीच्या खांद्यावर तेच. दिव्याच्या शेडवर तेच.

"आई, हात गाजरासारखा असतो गं!"

"आणि डोकं भोपळ्यासारखं. ते गाजर इकडे दे, चिरायचंय मला."

पट्टी किंचित बाकदार कापली, की गाजरावर नीट बसे. इतकं उमगलं. पण मग तिने भावाच्या हातावर पेनाने ठिपके काढले आणि त्याला तळवा पालथा करायला सांगितला, तर ठिपके सरकले! मनगटाजवळचे जास्त, कोपराजवळचे कमी. तळवा उताणा, ठिपके जागेवर. पुन्हा पालथा, पुन्हा पसार.

"कातडी झोपेत कूस बदलते तशी बदलते," ती स्वतःशीच पुटपुटली.

"माझी झोप मात्र तू उडवलीस," भाऊ म्हणाला. पण हात काही त्याने मागे घेतला नाही.

मग ती रस्त्यात माणसांची तोंडं बघेनाशी झाली. पिशवी उचलणारे, दाराची कडी काढणारे, बाळ खांद्यावर टाकणारे नुसते हात बघत राही. दोन हात सारखे म्हणून मिळेनात. मग प्रत्येकाची पट्टी वेगळी, प्रत्येकाचा बाक वेगळा, तो आधी कळायचा कसा?

उत्तर सापडायच्या आतच गिऱ्हाईक आलं. केस बारीक कापलेल्या, रुंद खांद्याच्या, साठीच्या एक बाई. पोहायला शिकवायच्या.

"मला एक रेघ हवी," त्यांनी कोपराखाली बोट ठेवलं. "इथे, हाताभोवती. नवी मुलं घाबरतात ना, तेव्हा मी काठावर बसून हात पाण्यात सोडते. माझी बोटं धरून ती तरंगायला शिकतात. या हाताला इथवर पाण्याची सवय आहे. आता गुडघे म्हणतात, पुरे. तलाव सोडतेय मी. पण हात कुठवर भिजायचा, ते विसरायचं नाहीये."

मास्तरांनी मान वळवली. "क्रीमवाली, तू बस."

बाईंना उभं करून, हात सैल सोडायला लावून तिने पेनाने वळसा काढला. बाईंनी आरशात पाहिलं.

"पाणी असं तिरकं उभं राहतं का गं कधी?"

तिने पुसलं. पुन्हा काढलं. या वेळी मागच्या बाजूला पोक आलं. मास्तरांचं लक्ष नव्हतं, म्हणजे पुरतं होतं. तिसऱ्यांदा पेन टेकवताना ती थबकली आणि बाईंकडे बघतच राहिली.

"बाई, काठावर बसता तशाच बसाल का स्टुलावर?"

ती आत धावली. नवी कोरी बादली घासून काठोकाठ भरून आणली आणि बाईंच्या बाजूला ठेवली. "सोडा हात. रोज सोडता तसा."

हात पाण्यात उतरला. पाणी थोडं सांडलं, डुललं, शांत झालं. आणि हाताभोवती अख्खं कडं तयार! पट्टी नाही, माप नाही. जिथे पाणी संपतं तिथे रेघ. फरशीवर गुडघे टेकून ती पाण्याच्या वर केसभर अंतरावर ठिपका मांडत हाताभोवती फिरली.

"अगं, मासा तर नाही ना सोडलास आत?" बाई हसायला लागल्या.

"हसू नका, ठिपके हलतील!"

हात पुसला, औषधाने स्वच्छ केला, उशीवर ठेवला. आणि तिचा जीव टांगणीला लागला. आडव्या हातावर ठिपके वेडेवाकडे दिसू लागले. एक तर उघड उघड रांग सोडून बसलेला. बेकरीतला सगळा जुना सराव तिच्या बोटांत जागा झाला: याला जरा वर घे, रेघ सरळ होईल. सुई त्याच्याजवळ येऊन थांबली. डोळे म्हणत होते, चूक आहे. पाणी म्हणालं होतं, बरोबर आहे.

तिने पाण्याचं ऐकलं.

कातडी ताणायची, रेघ ओढायची, पुसायचं, हात थोडा फिरवायचा. शेवटचा टप्पा आला तेव्हा तिने श्वास धरला, तो सुई उचलल्यावरच सोडला.

"उभ्या राहा, बाई. हात खाली सोडा."

रेघ अशी आडवी झाली, जणू खोलीत तिथवर पाणी भरलंय. बाई आरशासमोर गेल्या. बोटं हळूच पसरली, कुणाला तरी धरायला दिल्यासारखी.

मास्तर चष्मा लावून आले. हात न लावता रेघेभोवती एक फेरा त्यांनी नजरेनेच मारला, मग उलटा मारला.

"निघालीस कुठून?"

तिने जागा दाखवली. ते वाकून तिथे सांधा शोधू लागले. "तिथून?" असं म्हणाले आणि पुन्हा बघू लागले. मग खिडकीजवळच्या खुर्चीवरची स्वतःची वर्तमानपत्रं उचलून काखेत मारली.

दारात एक उंच, हडकुळा माणूस मगापासून ताटकळत होता. मास्तरांनी त्याला आधी खुर्चीकडे बोट दाखवलं, मग तिच्याकडे. "तिथे. त्या करतील तुमचं."

"मला गळ्याभोवती हवंय," तो म्हणाला. "एक बारीक रेघ. जमेल?"

तिने फरशीवरच्या बादलीकडे पाहिलं, मग त्याच्या लांबलचक मानेकडे. आवंढा गिळला, की त्याचा कंठमणी वरखाली होत होता. म्हणजे रेघही होणार. किती? कुठून कुठे?

"बसू नका," ती त्याच्याभोवती फेरी घालत म्हणाली. "आधी काहीतरी बोला. काहीही. मला बघू दे."