पिंकीचा डबा आणि विहीणबाईंचं कार्ड

केसरबाईंचं पोस्टकार्ड जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर आलं आणि मी त्याला उत्तर दिलं नाही. केसरबाई म्हणजे माझ्या सुनेची, मिनलची आई. परभणीकडच्या एका खेड्यात राहतात. म्हातारपणी साक्षरतेच्या वर्गात अक्षरं शिकल्या आणि तेव्हापासून लिहायची संधी सोडत नाहीत. कार्डावर मोठ्या, ठाशीव अक्षरांत लिहिलं होतं:

'इवाई, जय भीम. मिनलची ड्यूटी सकाळची झाली म्हनं. मग पिंकीच्या डब्याचं कोन बघतंय? तुमी बघताव असं मिनल सांगती. पोर खाती का? खरं लिवा. खात नसंल तर आषाढी पौर्निमेच्या आत मी येते अन् साळंचं वरीस सरेस्तोवर राहते. उत्तर नाही आलं तर खात नाही असं समजून निघते. फोनवर इचारलं असतं, पर फोन मिनलच उचलती.'

पोस्टकार्ड उघडं असतं हे त्यांच्या लक्षात आलं नसावं. आमच्या निगडीच्या सोसायटीत पोस्टमन सगळं टपाल गेटवर सोपानरावांच्या हातात देतो. सोपानराव वॉचमन नाहीत. सोसायटी ज्या जमिनीवर उभी आहे ती त्यांच्या वडिलांची. दोन फ्लॅट मिळाले, तरी ते दिवसभर गेटवर खुर्ची टाकून बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला कुठे ज्वारी होती आणि कुठे विहीर होती ते सांगतात. त्यांनी ते कार्ड मला देण्यापूर्वी वाचलं होतं, आणि वाचलं नसल्याचा आव त्यांनी आणला नाही.

"इहीणबाई येत्यात जनू," ते म्हणाले. "पोर खाती का डबा? का न्हाई खात?"

"बघू," मी म्हणालो.

"बघू काय? हो न्हाईतर न्हाई लिवायचं. दोन अक्षरांचं काम."

दोन अक्षरंच मला जमेनात. 'खात नाही' असं लिहिलं तर केसरबाई येणार. त्या फार चांगल्या आहेत, पण आमचं घर एका खोलीचं आणि हॉलचं. हॉलमध्ये मी, माझी पुस्तकं आणि माझी गादी. विहीणबाई घरात असताना व्याह्याने बनियनवर बसायचं नाही, पाय पसरायचे नाहीत, मोठ्याने खोकायचं नाही, हे मला कुणी शिकवलेलं नाही, पण अंगात भिनलेलं आहे. मागे त्या आल्या होत्या तेव्हा मी सकाळी बाहेर पडायचो आणि महापालिकेच्या वाचनालयाला कुलूप लागलं की परतायचो. पिंकीशी माझं बोलणं जवळजवळ बंद झालं होतं. आणि 'खाते' असं लिहावं, तर पिंकी खात नव्हती.

डबा माझ्याकडे कसा आला ते सांगतो. मिनल चाकणला गाड्यांच्या वायरिंगच्या कंपनीत आहे. जूनपासून तिला पहिली शिफ्ट लागली. कंपनीची बस अंधारातच येते. माझा मुलगा बुद्धरत्न उजाडल्यावर तिसरी, म्हणजे रात्रीची शिफ्ट करून परततो आणि चप्पल काढता काढता झोपतो. उरलो मी. "बाबा, नुसतं दूध-पोहे देऊन व्हॅनमध्ये बसवा, डब्यात बिस्किटं टाका," मिनल म्हणाली होती. मी म्हणालो, "नाही, मी करीन." इतकं ठाम मी गेल्या कित्येक वर्षांत काही बोललो नसेन. नंतर आपण हे का बोललो याचा विचार करत बसलो.

मी वाचनालयातून पाककृतींची पुस्तकं आणली. पुस्तकांवर माझा विश्वास आहे, पण या पुस्तकांनी मला छळलं. सगळं व्यवस्थित मोजून सांगतात आणि शेवटी लिहितात, 'मीठ चवीनुसार'. कुणाच्या चवीनुसार? करणाऱ्याच्या की खाणाऱ्याच्या? खाणारी आठ वर्षांची आणि झोपेत असेल तर? मी ते वाक्य घेऊन बराच वेळ उभा राहायचो. तोवर रवा लागायचा.

पहिल्याच आठवड्यात मटकीच्या उसळीचा रस्सा डब्यातून गळला आणि परिसर अभ्यासाचं पुस्तक पिवळं झालं. पिंकी काही बोलली नाही. ती माझ्यासारखीच आहे, तोंडातून शब्द काढायला तिला वेळ लागतो. पण मला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त लाज वाटली, कारण गळती हा माझा विषय. भोसरीच्या एका रबरी सील बनवणाऱ्या कंपनीत माझी सगळी नोकरी गळती तपासण्यात गेली. सील बसवायचं, आत हवा भरायची, पाण्यात बुडवायचं, बुडबुडा आला की माल परत. स्वयंपाकात मला काही कळत नसेल, पण बुडबुडा मला कळतो.

मी डब्याच्या झाकणातली मूळची रिंग काढून टाकली. माझ्या ट्रंकेत जुन्या रबराची शीट होती. तिच्यातून जाड रिंग कापून बसवली. दोन्ही बाजूंच्या क्लिपा लावायला आता अंगठ्यांचा जोर लागायचा, पण मी बादलीत बुडवून पाहिलं, एक बुडबुडा आला नाही. त्यानंतर रोज सकाळी गरम गरम पदार्थ भरायचा, क्लिपा दाबायच्या आणि बादलीत तपासून पुसून दप्तरात ठेवायचा, असा माझा क्रम ठरला. दिवसातली तेवढीच वेळ मला स्वतःबद्दल शंका नसायची.

आणि त्या दिवसापासून डबा भरलेला परत येऊ लागला.

दुपारी ती आली की मी तो उघडायचो. क्लिपा ओढायच्या, चमच्याचं टोक झाकणाखाली सारून हलकेच पिरगाळायचं, की 'फुस्स' असा आवाज व्हायचा. कंपनीत हा आवाज आला की साहेब खूश व्हायचे. आत उपमा सकाळी ठेवला तसाच.

"आवडला नाही का गं?" मी विचारायचो.

"आवडला, आबा."

"मग खाल्ला का नाहीस?"

"भूक नव्हती."

असं म्हणून ती स्वयंपाकघरात जाऊन उभ्या उभ्या दोन पोळ्या गुळाशी खायची. माझा समज झाला की पोर माझं मन राखते आहे. मी उपमा सोडून थालीपीठ केलं, थालीपीठ सोडून तिखट-मिठाच्या पुऱ्या, मग मुगाचं धिरडं, मेथीचे पराठे. सगळं परत. मिनल यायच्या आत ते मी खाऊन डबा घासून ठेवायचो. मला ते बरं लागायचं, पण माझ्या जिभेवर मी कशाच्या आधारावर विश्वास ठेवायचा?

इकडे सोपानराव रोज विचारायचे, "उत्तर धाडलं का इहिणीला?"

"विचार करतोय."

"पौर्णिमा आली की राव जवळ. तुमचा इचार हुईस्तोवर बाई पिशवी घिऊन दारात हुभ्या राहतील."

शेवटी मी ठरवलं की तिऱ्हाइताचं मत घ्यावं. सोपानराव तोंडावर बोलणारा माणूस, आणि खाण्यातलं त्यांना कळतं असं त्यांच्या पोटावरून वाटायचं. दुपारी व्हॅन आली. पिंकी उतरली. मी तिच्या दप्तरातून डबा काढला आणि तसाच त्यांच्यापुढे धरला.

"सोपानराव, जरा चव बघता? धिरडं आहे. खरं सांगा. मला वाईट वाटणार नाही."

वाटणार होतं, पण असं म्हणायची पद्धत आहे.

"आना की," ते म्हणाले आणि डबा मांडीवर घेतला. थोडा वेळ गेला. "राव, ह्ये उघडतं कुठनं?"

"दोन्हीकडच्या क्लिपा ओढा."

"वढल्या. झाकान हालंना." त्यांनी डबा गुडघ्यांत धरला आणि दोन्ही हातांनी झाकण वर खेचलं. मानेची शीर फुगली. "आयला, वेल्डिंग मारलंय का काय? भोसरीच्या जत्रंत मी गडी उचलून आपटल्यात, आन् ह्यो डबा हाटत न्हाई."

"थोडं पिरगाळून..."

"पिरगाळूनच ऱ्हायलोय. गप बसा जरा."

पिंकी दप्तर पाठीवर तसंच ठेवून शेजारी उभी होती. ती हळूच म्हणाली, "सोपान आजोबा, तो तसा नाही उघडत. मी बाकावर आपटून पण पाहिला."

सोपानरावांचे हात थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पिंकीकडे पाहिलं.

"म्हणजे तू हा डबा..."

"नाही उघडत माझ्याकडून."

"एकदाही?"

"गळायचा तेव्हा उघडायचा."

"मग शाळेत खातेस काय?"

"विजयश्री देते तिच्यातलं. तिच्याकडे रोज पोळीचा लाडू असतो."

"अगं, बाईंना सांगायचंस. मला सांगायचंस."

तिने बुटाच्या टोकाने फरशी टोकरली. "तू रोज बादलीत बुडवून बघतोस आणि हसतोस. मग मी कसं सांगू?"

सोपानराव खुर्चीत मागे रेलले आणि त्यांचं पोट हलू लागलं. हसणं तोंडापर्यंत यायला वेळ लागला. "म्हंजी राव, तुमच्या हातचं पोरीनं अजून चाखलंबी न्हाई. आन् तुमी पुस्तकं पालथी घालताय. ती तुमच्या सैपाकाला न्हाई, तुमच्या त्या भोसरीच्या कंपनीला कंटाळलीय."

माझं हसं झालं होतं, पण खरं सांगायचं तर मला फार हलकं वाटलं. उपमा, थालीपीठ, पुऱ्या, पराठे, यांतलं काहीच नापास झालं नव्हतं. माल गिऱ्हाइकापर्यंत पोचलाच नव्हता. मी तिथेच, दोघांच्या देखत, खिशातल्या किल्लीचं टोक सारून झाकण काढलं. फुस्स झालं. सकाळी गरम भरलेलं आत निवलं की झाकण आत ओढलं जाऊन घट्ट बसतं, हे मला कळायला हवं होतं. सोपानरावांनी अख्खं धिरडं तोंडात घातलं.

"कसं आहे?"

"चाललंय," ते म्हणाले. "पर माझ्यावर जाऊ नका. मला काल रातीची आमटीबी ग्वाड लागती."

रात्रभर मी उद्याच्या पदार्थाचा विचार केला. आता पहिल्यांदा खरी परीक्षा होती आणि मी घाबरून उपमा निवडला, कारण त्याच्यावर मी सर्वांत जास्त पानं वाचली होती. जाड रिंग काढून मूळची बसवली. बादली भरली नाही. रस्साच नव्हता, गळणार काय? पिंकीला मी व्हॅन येईपर्यंत तीनदा डबा उघडायला आणि लावायला लावला.

दुपारी डबा परत आला तो अर्धा रिकामा. मी गेटवरच तो हातात घेऊन उभा राहिलो.

"खाल्लास."

"हो." मग दप्तर सावरत, "आबा, एक सांगू? मीठच नव्हतं. विजयश्री पण म्हणाली. आणि गाठी होत्या."

चवीनुसारच्या धास्तीने मी मीठ घालायचंच विसरलो होतो. आधीच्या उपम्यांत होतं. नेमक्या याच उपम्यात नव्हतं.

"घ्या," सोपानराव म्हणाले. "आता लिवा इहिणीला. आज टपाल टाकलं तर पोचंल. उद्या टाकलं तर बाई गाडीत बसल्याल्या असत्याल."

"एक दिवस थांबलो असतो. उद्या पराठे नीट झाले असते, मग लिहिलं असतं."

"पराठ्याला कोन इचारतंय? पोर खाती का, येवढंच इचारलंय बाईनं."

मी पिंकीला बाजूला घेतलं. "परभणीची आजी आली तर छान डबा करील. मऊ भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी. बोलवू का तिला?"

तिने विचार केला. तिचा विचार चेहऱ्यावर दिसतो. "आजी आली की तू वाचनालयात जाऊन बसतोस."

"आणि डबा?"

"तू उद्या मीठ घाल ना."

हा निकाल होता की उपाय, ते मी अजून ठरवू शकलेलो नाही. पण मी घरात गेलो, जेवायच्या टेबलाशी बसलो आणि कार्ड लिहिलं. पहिलं खोडलं, दुसरं खराब झालं. तिसरं घेऊन खाली आलो. सोपानरावांनी स्कूटर काढून ठेवली होती. पोस्टाच्या पेटीपर्यंत चालत जाता येतं, पण वाटेत मी बेत बदलीन अशी त्यांना शंका होती. त्यांनी कार्ड मागून घेतलं आणि मोठ्याने वाचलं:

'विहीणबाई, सविनय जय भीम. उत्तराला उशीर झाला. पिंकी डबा खाते, पण आजच खाऊ लागली. आधी खात नव्हती, त्याला कारण डब्याचं झाकण होतं, आता ते दुरुस्त केलं आहे. आजच्या उपम्यात मीठ नव्हतं. उद्या असेल. डबा मीच करीन. आपण पौर्णिमेला जरूर यावं, पाहुण्या म्हणून. या वेळी मी घरीच असेन. आपला, धोंडीबा.'

"मिठाचं कशाला लिवलं?" सोपानरावांनी विचारलं. "नसतं लिवलं तर काय बिघडलं असतं?"

"त्यांनी खरं लिहा म्हटलं होतं."

"आन् ह्ये 'मी घरीच आसंन'?"

मी कार्ड त्यांच्या हातून घेऊन खिशात ठेवलं. त्यांनी स्कूटर चालू केली. पिंकी आमच्या दोघांच्या मध्ये बसली. पेटीशी पोचल्यावर मी कार्ड पुन्हा एकदा वाचायला काढलं. सोपानरावांनी गाडीचा हॉर्न दाबला आणि दाबूनच ठेवला. रस्त्यावरची माणसं बघू लागली, आणि मी कार्ड पेटीत टाकलं.