वासेमाथाला खाली कुणी बसवलं?

मी एक जुना कुंचला आहे, मित्रांनो, आणि मला राग आलाय. जुन्या वस्तूंनी गोड बोलावं, आपली दुःखं हळू आवाजात सांगावीत, अशी तुमची अपेक्षा असेल. ती आज बाजूला ठेवा.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. खारीच्या शेपटीचे केस, गळ्याशी पितळी पत्रा आणि लाकडी दांडा. सुवा या आमच्या बेटावरच्या शहरात, बाजारातल्या एका दुकानात मी बरेच दिवस धूळ खात पडलो होतो. तिथून उनाइसीनं मला उचललं. पोरीच्या हातात कला होती, पण नुसत्या कलेनं पोट भरतं का? मग ती प्रवाशांसाठी भेटकार्डं रंगवायला लागली. कानामागे जास्वंद खोवलेली, दात दाखवून हसणारी बाई. रोज तीच बाई, रोज तेच हसू! आमच्या बायकांना काय दुसरा उद्योगच नाही? कार्डांचं कौतुक व्हायचं आणि मी डब्यात डोक्यावर उभा, केस वाकडे होऊन.

मग एक दिवस मकेरेता आली. ती बायकांच्या संघटनेत काम करायची. तिला मुलांसाठी चित्रांचं पुस्तक काढायचं होतं, इथल्या लढलेल्या बायकांचं.

"उना, हसऱ्या बाया नकोत मला," ती म्हणाली. "भांडलेल्या हव्यात."

तुझ्या तोंडात साखर पडो, असं मला झालं. मी जीव तोडून कामाला लागलो. पानामागून पान रंगलं, आणि मग वासेमाथाची गोष्ट आली.

वासेमाथा नदीकाठच्या एका गावातली. नदीत बुड्या मारून शिंपले काढायचे आणि बाजारात विकायचे, हा तिथल्या बायकांचा धंदा. एका कंपनीला त्याच नदीतली खडी हवी होती. गावच्या मोठ्या माणसांनी यंगोनाचे, म्हणजे झिंग आणणाऱ्या मुळीच्या पेयाचे, वाडगे रिचवले आणि होकार देऊन टाकला. बायकांना विचारतो कोण! यंत्रं आली, पाणी गढूळ झालं, शिंपले गाडले गेले. तेव्हा वासेमाथा रिकामी टोपली घेऊन सभेत शिरली आणि सरदार मंडळी बसलेली असताना उभी राहिली. आमच्याकडे मोठी माणसं बसलेली असली की चांगला बाप्यासुद्धा कमरेत वाकून, 'तिलोउ, तिलोउ', म्हणजे 'माफी असावी', असं पुटपुटत पुढं सरकतो. ही ताठ उभी राहून बोलली. होकार मागे घेतला तेव्हाच बसली.

आणि उनाइसीनं काय काढलं? तिला बसवलं! चटईवर, पाय दुमडून, मान खाली, टोपली पुढ्यात. मला तिची बोटं कळत होती ना. मला वर न्यायला ती धजतच नव्हती. 'मोठ्यांसमोर खाली बस' हे आईनं कानीकपाळी ओरडून शिकवलेलं तिच्या हाडात मुरलं होतं. मी संतापलो, पण मला तोंड कुठे आहे?

पान छापण्याआधी गावाची संमती घ्यायची होती. रीतीप्रमाणे भेट म्हणून यंगोनाची मुळी घेऊन मकेरेता आणि उनाइसी गावात गेल्या. उनाइसीच्या पिशवीत मीही होतो. सभाघरात वरच्या अंगाला पुरुष बसले होते, दाराशी बायका. मुळी पुढं ठेवली; ती स्वीकारली की संमती मिळाली. गावचा कारभारी एपेली यानं पान हातात घेतलं.

"वा! काय मर्यादशील चित्र काढलंय!" तो खूश झाला.

"इकडं आणा बघू," दाराजवळून आवाज आला. तीच वासेमाथा, आता पार म्हातारी झालेली. तिनं पान डोळ्यांजवळ धरलं. "ही कोण?"

"बुबू, तुम्हीच की," उनाइसी म्हणाली. आजीला आमच्याकडे बुबू म्हणतात.

"मी? अगं, बसायचंच असतं तर घरात चटई नव्हती का मला?"

"सरदारांच्या डोक्यापेक्षा वर कसं काढू, बुबू? हात धजेना माझा."

"माझे पाय धजले आणि तुझा हात धजेना? शाब्बास गं बाई!" म्हातारी भिंतीला धरून उठली आणि सगळ्यांसमोर ताठ उभी राहिली. "हं. काढ आता."

"खाली बस, म्हातारे," एपेली ओरडला. "पडशील!"

"पडले तर पडलेली काढेल ती. तू गप बस."

उनाइसीनं मला पाण्यात बुडवलं. या वेळी तिनं मला वर जाऊ दिलं. बसलेल्या पुरुषांची डोकी खाली राहिली आणि मी वर, आणखी वर गेलो. माझे दोन केस गळून कागदाला चिकटले. चिकटू देत.

चित्र पाहून एपेलीचं तोंड कडू झालं. त्यानं मुळी आमच्याकडे परत ढकलली. "हे छापायला गावाची संमती नाही. आधीचं छापा, नाहीतर ही परत न्या."

मुळी परत देणं म्हणजे तोंडावर दार लावणं. मकेरेताचा चेहरा पडला. एका पानापायी सगळं पुस्तक अडणार होतं, नाहीतर वासेमाथाला कायमचं खाली बसवावं लागणार होतं.

वासेमाथा चालत वरच्या अंगाला गेली. वाकली नाही, तिलोउ म्हणाली नाही. तिनं मुळी उचलली.

"नदीत बुड्या मी मारल्या, उभी मी राहिले, गोष्ट माझी. संमती तुझी रे कशी?"

मुळी काखेत धरून तिनं ओंजळीसारखे हात करून टाळी वाजवली. भेट स्वीकारल्याची टाळी. ती वाजवायचा मान पुरुषांचा. पुरुष बघत राहिले. मग दाराशी एक टाळी वाजली, दुसरी वाजली, आणि सगळ्या बायका वाजवायला लागल्या. एपेली काहीतरी म्हणत होता, पण त्या आवाजात त्याचं ऐकतो कोण!

मित्रांनो, ते पान तसंच छापलं गेलं. मी आता झिजलोय, आणि माझी कीव करू नका. हातात कुंचला आला तर काम झाल्यावर धुवा, आडवा ठेवा, एवढं तुम्ही करालच. पण एखादी उभी राहिलेली बाई काढताना तुमचा हात अडखळला, तर उठा, तिच्याकडे जा आणि तिलाच विचारा. चांगलं दिसावं म्हणून तिला खाली बसवू नका.