बोटभर कातडं

शिन्पेई तोदोचं प्रेत पुलाखाली सापडलं तेव्हा मुंडकं त्याच्याच मांडीत पडलेलं होतं. मागून एकाच घावात मान तोडलेली आणि गळ्याशी बोटभर कातडं शिल्लक. जवळच झोपलेल्या गोन्झो नावाच्या कोळसेवाल्याला दंडाधिकाऱ्यांनी धरलं. हाडं मोडेपर्यंत झोडपल्यावर त्यानं कबूलही केलं. दुपारी त्याला खांबाला बांधून भाल्यांनी भोसकायचं ठरलं. तपास माझ्याकडे होता, पण मला विचारतो कोण!

ते कातडं मात्र मला ओळखीचं वाटलं. सामुराई स्वतःचं पोट फाडतो तेव्हा मागं उभा राहून त्याची मान तोडणारा एवढं कातडं मुद्दाम राखतो. मुंडकं धुळीत लोळू नये, तेवढाच मरणाऱ्याचा सन्मान. कोळसेवाला कशाला एवढी अदब राखेल? आमच्या गावात असे हात दोनच होते, माझा आणि मला शिकवणाऱ्या मुरोझुमी गुरुजींचा. शिन्पेई त्यांचा शिष्य आणि जावईही.

मी तडक त्यांच्या आखाड्यात गेलो.

"गुरुजी, खुनात कसली हो अदब?"

ते तलवार पुसत होते. "सेगावा, चहा घे आणि घरी जा."

"गोन्झो मरेल."

"कोळसेवाले पुष्कळ आहेत."

माझं डोकंच फिरलं. ज्यांच्या पायाशी मी वाढलो ते हेच का? "का मारलंत त्याला?"

"कारण विचारू नकोस. विचारलंस तर इथून जिवंत जाणार नाहीस."

"विचारलं."

पहिल्याच वारात माझ्या डाव्या हाताची दोन बोटं चटईवर उडाली. दुसरा वार खांद्यात रुतला. ती तलवार उपसेपर्यंत मी आत घुसलो आणि आखूड तलवार मुठीपर्यंत त्यांच्या पोटात खुपसली. मला ते जिवंत हवे होते, पण हात ऐकेना.

त्यांची लेक किनू धावत आली. रडली नाही. गुरुजींचा श्वास अजून चालू होता. आम्ही दार उखडलं, त्यावर त्यांना टाकलं आणि वधस्तंभाकडे निघालो.

पोचलो तेव्हा पहिला भाला गोन्झोच्या मांडीत शिरला होता. तो गुरासारखा ओरडत होता.

"कातड्यावरून खुनी ठरवतोस?" माझं म्हणणं ऐकून दंडाधिकारी खेकसले. "डोकं ठिकाणावर आहे का, सेगावा? मुरोझुमी, तुम्हीच सांगा."

गुरुजींनी दात आवळले. नुसती मान हलवली असती तरी गोन्झो वाचला असता, पण त्यांनी डोळे मिटून घेतले. भालेवाल्यानं पुन्हा भाला उचलला.

तेव्हा किनूनं साऱ्या गावासमोर किमोनो कमरेपर्यंत उतरवला. पाठभर तापल्या चिमट्याचे डाग होते, काही जुने, काही अजून वाहणारे.

"हे माझ्या नवऱ्यानं केलंय. परवा बाबांनी पाहिलं. माझी अब्रू जाऊ नये म्हणून गप्प बसलेत."

"झाक ते, पोरी!" गुरुजींच्या तोंडातून रक्त आलं. "पाया पडतो, झाक!"

"आधी बोला, बाबा."

ती तशीच उभी राहिली. लोक बघत होते. मला लाज वाटली, माझीही आणि सगळ्यांचीच. गुरुजींनी दंडाधिकाऱ्यांकडे मान वळवली आणि शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाले, "मी मारलं."

दोर कापून गोन्झोला खाली घेतलं तेव्हाच तिनं अंग झाकलं. तोवर गुरुजी गेले होते.