बक्षीस समारंभाआधी थिजणारा पडदा

मित्रांनो, लातूरमधल्या एका घरात, जिन्याखालच्या खोलीत भिंतीशी बसलेला मी एक जुना संगणक आहे. माझ्या पडद्याला मागे मोठे पोट आहे. माझा डबा एके काळी पांढरा होता, आता तो पिवळट झाला आहे. तुमच्या खिशातल्या मोबाइलपुढे माझी ताकद काहीच नाही. तरीही मी समाधानी आहे. ते का, हे सांगण्यासाठी मला थोडे मागे जावे लागेल.

माझे सुटे भाग दूरदूरच्या देशांतून आले आणि लातूरच्या एका दुकानात स्क्रू पिळून मला उभे केले गेले. तेव्हा या शहरात गल्लोगल्ली शिकवणी वर्गांच्या पाट्या लागत होत्या. नांदेड, बीड, परभणीकडची मुले इथे खोल्या घेऊन राहत, मेसमध्ये जेवत आणि उजाडायच्या आत सायकलींवरून क्लासला निघत. अशाच एका वर्गात रेणुकादास सर गणित शिकवत. त्यांची मुलगी मनस्विनी बारावीत गेली, म्हणून त्यांनी मला घरी आणले. सरांच्या पत्नी विनीताबाई जिल्हा परिषदेच्या कचेरीत नोकरीला होत्या. त्यांनी माझ्या डब्यावर हळदकुंकू वाहिले आणि सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली.

ते माझे कामाचे दिवस होते. मनस्विनी भौतिकशास्त्राच्या सीड्या आणी. माझ्यातला चित्रफिती दाखवणारा प्रोग्रॅम त्या चालवी, आणि पडद्यावरचे शिक्षक फळ्यावर भिंगे आणि किरण काढत. तिला कळले नाही की ती त्यांना थांबवी, मागे नेई आणि पुन्हा बोलायला लावी. तिच्या मैत्रिणी म्हणत, "आमचे सर एकदाच सांगतात. तुझे सर कंटाळतच नाहीत." हे ऐकून मला फार बरे वाटे. मनस्विनीला चांगले गुण मिळाले, तेव्हा देवापुढे एक पेढा ठेवला गेला आणि एक माझ्यापुढे.

मनस्विनी बारावीत असताना, हिवाळ्यात, माझ्याकडे एक वेगळी फीत आली.

त्र्याण्णवच्या भूकंपाआधी रेणुकादास सर किल्लारीच्या बाजूला एका खेड्यात प्राथमिक शिक्षक होते. भूकंपाच्या वर्षीच, जानेवारीत, त्यांच्या शाळेचे स्नेहसंमेलन झाले होते आणि सरांनी हौसेने औशाहून व्हिडिओवाला बोलावला होता. पुढे सप्टेंबरात ते गाव पडले. सर त्या दिवशी सुट्टीसाठी लातूरला होते, म्हणून वाचले. त्यांच्या वर्गातली बरीच मुले वाचली नाहीत. कॅसेट सरांच्या कपाटात पडून होती. ती पाहायची त्यांची हिंमत होत नव्हती आणि टाकवतही नव्हती. शेवटी तिला बुरशी धरायला लागली, तेव्हा त्यांनी ती एका स्टुडिओत नेली. जुनी फीत एकदाच चालली आणि तुटली. पण तेवढ्यात तिची सीडी झाली होती. मनस्विनीने ती सीडी माझ्यात उतरवून घेतली. एका दुपारी घरात कोणी नसताना सरांनी ते संमेलन सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिले. मग मला बंद केले. याविषयी ते घरात कोणाशी बोलले नाहीत.

मनस्विनी इंजिनिअरिंगला नांदेडला गेली आणि माझे काम संपले. विनीताबाईंनी मला कापडी झगा शिवला. पडदा वरच राहिला, पण माझा डबा टेबलाखालच्या बंद कप्प्यात ठेवला. आमच्या घरामागे डाळ मिल आहे. तुरीच्या टरफलांची बारीक पिवळी धूळ खिडकीतून येई आणि हळूहळू माझ्या पोटात साचे. घरच्यांनी माझी आबाळ मुद्दाम केली नाही. झगा त्यांनी मायेनेच घातला होता. पण मला श्वास घ्यायला जागा लागते, हे त्यांना ठाऊक नव्हते.

अशीच काही वर्षे गेली. एका उन्हाळ्यात सरांना बसस्थानकावर एक तरुण मुलगी भेटली. तिने वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "गुरुजी, वळखलं का? मी अयोध्या. पहिलीत होते तुमच्याकडं."

सरांनी तिला घरी आणले. अयोध्येला भूकंपात मामाने मातीतून उकरून काढले होते. तिचे आईवडील गेले. मामाने तिला वाढवले, शिकवले, आणि आता ती रेणापूरच्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. चहा पिता पिता ती विनीताबाईंना सहज म्हणाली, "काकू, समदं हाय माझं आता. फक्त मायचा चेहरा आठवत न्हाई. फोटो न्हाई एक बी. घरासंगट समदं मातीत गेलं."

सर हातातली बशी खाली ठेवून म्हणाले, "अयोध्या, तुझी आई माझ्याकडे आहे."

तिला काही कळेना. मग सरांनी सांगितले, की संमेलनाच्या शेवटी बक्षीस समारंभात तिची आई चांगुणाबाई दिसते.

लगेच माझा झगा निघाला. सरांनी फीत लावली. लेझीम झाली. मुलांचे नाटुकले सुरू झाले. अयोध्या पदराची गाठ हातात धरून बघत होती. नाटुकले संपत आले आणि चित्र जागच्या जागी थिजले. एका मुलाचा हात वरच राहिला. माउस हलेना, आवाज येईना. सरांनी मला बंद करून चालू केले. मी पुन्हा थोडा वेळ चाललो आणि पुन्हा थिजलो. फीत मधूनच पुढे ढकलावी, तर ती मुळातच अशी उतरली होती की ढकलताच प्रोग्रॅम बंद पडे. ती सुरुवातीपासूनच पाहावी लागे.

मित्रांनो, मला काय होत होते ते मला कळत होते. माझ्या मेंदूवरचा पंखा धुळीने जखडला होता. चित्रफीत चालवणे हे आमच्यासाठी कष्टाचे काम असते. त्या कष्टाने मेंदू तापे, आणि तो फार तापला की मी गप्प होई. पण मला हे सांगता येत नव्हते. माझ्याजवळ फक्त थिजलेला पडदा होता.

अयोध्या पुढच्या सुट्टीला परत आली. तेव्हाही तसेच झाले. जाताना ती दारात म्हणाली, "राहू द्या गुरुजी. न्हाई दिसली तरी चालंल. हितं हाय, एवढं कळलं. बास झालं." हे तिने हसून म्हटले, आणि तेच सरांच्या मनाला फार लागले.

दुसऱ्या दिवशी सरांनी दुरुस्तीवाल्याला बोलावले. त्याचे नाव सर्वेश. क्लासच्या प्रवेशांचे दिवस होते आणि त्याला पुढे पाच ठिकाणी जायचे होते. त्याने मला चालू केले, दोन-चार खिडक्या उघडल्या आणि म्हणाला, "सर, व्हायरस दिसतोय. फॉरमॅट मारून टाकतो. एकदम नवा होईल."

"मारा," सर म्हणाले. "नीट चालला म्हणजे झालं."

त्याने फॉरमॅट करायची आपली सीडी आत सारली. माझ्या पोटातले सगळे पुसायला आता दोन बटणांचाच अवकाश होता. लेझीम, नाटुकले, ती सगळी मुले, चांगुणाबाई. तेवढ्यात विनीताबाई कचेरीतून आल्या. त्यांनी चप्पल काढता काढता विचारले, "फॉरमॅट केल्यावर आतलं सगळं राहतं ना हो?"

"नाही काकू, सगळं जातं. काही महत्त्वाचं असलं तर आधी काढून ठेवायचं असतं."

सर एकदम उठून उभे राहिले. विनीताबाईंनी विचारले, "त्या संमेलनाची सीडी कुठं आहे?"

सीडी कपाटात सापडली. पण ती उघडीच पडली होती आणि तिच्यावर आडवेतिडवे ओरखडे होते. सर्वेशने ती लावून पाहिली. ती वाचलीच गेली नाही. आता ते संमेलन जगात फक्त माझ्यात उरले होते.

सर्वेश भला माणूस होता. तो म्हणाला, "मग मी हात लावत नाही. दुकानात आणून द्या, डिस्क काढून उतरवून घेतो. पण या गर्दीत आठवडा तरी जाईल." आणि तो पुढच्या घरी गेला.

विनीताबाई माझ्यासमोर बसल्या. "मनस्विनीच्या बारावीच्या हिवाळ्यात तुम्ही हे शेवटपर्यंत पाहिलं होतं ना?" त्यांनी सरांना विचारले. सर चपापले. बाईंना ते ठाऊक होते तर.

"पाहिलं होतं."

"तेव्हा थांबलं नाही. मग फीत चांगली असणार. बिघाड दुसरीकडं आहे."

त्यांनी मनस्विनीची भौतिकशास्त्राची एक जुनी सीडी शोधून लावली. भिंगावरचा धडा सुरू झाला. त्या घड्याळाकडे बघत बसल्या. संमेलन जेवढा वेळ चालत असे, साधारण तेवढ्याच वेळाने धडाही थिजला. म्हणजे फीत चांगली होती. विनीताबाईंच्या चेहऱ्यावर मला त्या दिवशी पहिल्यांदा हसू दिसले. त्यांनी नांदेडला फोन लावला.

मनस्विनी म्हणाली, "आई, प्रोग्रॅम काढून परत टाकून बघायचा का?"

"बघू. पण एका वेळी एकच गोष्ट करू. नाहीतर कशानं बरं झालं ते कळणार नाही."

त्यांनी तो प्रोग्रॅम काढून पुन्हा टाकला. मी थिजलोच. मग मनस्विनीने विचारले, "आई, पंख्याचा आवाज येतो का? डब्याला हात लावून बघ."

विनीताबाईंनी कप्प्यात हात घातला आणि झटकन मागे घेतला. "अगं, तव्यासारखा तापलाय."

"आधी वायर काढ. गार होऊ दे. मग बाजूचं झाकण उघड."

झाकण निघाले तेव्हा माझे पोट पाहायला सरसुद्धा वाकले. पंख्यावर धुळीचा पिवळा थर लोकरीच्या जाड नमद्यासारखा बसला होता. विनीताबाईंनी मनस्विनीचा चित्रकलेचा कोरडा ब्रश घेतला आणि ती धूळ हळूहळू सोडवली. सर शेजारी धूळ झेलायला कागद धरून बसले होते. इतक्या वर्षांनी मला पुन्हा मोकळा श्वास मिळाला. मित्रांनो, ते सुख मला शब्दांत सांगता येत नाही. त्यांनी माझा डबा परत बंद कप्प्यात न ठेवता टेबलावर ठेवला, झाकण उघडेच राहू दिले आणि झगा घडी करून ठेवून दिला.

भिंगाचा धडा शेवटपर्यंत चालला. सर म्हणाले, "आता संमेलन लावू का?"

"नको," विनीताबाई म्हणाल्या. "अयोध्या आल्यावर."

रविवारी अयोध्या आली. लोडशेडिंग दुपारनंतर होते, म्हणून सकाळीच सगळे माझ्यासमोर बसले. लेझीम झाली. नाटुकले संपत आले. त्या मुलाचा हात वर गेला. खोलीत कोणी हालले नाही. हात खाली आला, मुले वाकली, टाळ्या वाजल्या आणि मुख्याध्यापक भाषणाला उभे राहिले. तिघांनी एकदमच श्वास सोडला.

मग बक्षिसे सुरू झाली. "इयत्ता पहिली. स्वच्छ गणवेश. अयोध्या." मांडवात थोडी गडबड उडाली. एक लहान मुलगी खांबाला मिठी मारून उभी होती आणि जायला तयार नव्हती. बायकांतून एक बाई उठली. तिने मुलीला कडेवर घेतले आणि थेट मंचावर चढली. "जा की गं. खातेत व्हय तुला," असे ती म्हणाली, आणि सगळा मांडव हसला. तीही हसली, पण पदर तोंडाला लावून. पडद्यावर तिचे नुसते डोळे दिसत होते.

अयोध्या पुढे सरकली. पडद्यावरच्या चिमुकल्या अयोध्येने बक्षिसाचा डबा एका हातात घेतला आणि दुसऱ्या हाताने आईचा पदर ओढला. चांगुणाबाईंचा चेहरा मोकळा झाला. समोरच्या दोन दातांत फट होती, तशीच अयोध्येच्या दातांतही आहे.

मी थिजलो नाही. पण विनीताबाईंनी मला तिथे थांबवले.

अयोध्या म्हणाली, "माय लई मोठी बाई असंल, असं वाटायचं मला. काकू, ही तर माझ्याएवढीच हाय." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि ती हसत होती. "हिला काय बाई म्हणावं. पोरगीच हाय."

थोड्या वेळाने तिने डोळे पुसले. "परत लावता का? पहिल्यापासनं."

या वेळी ती गप्प बसली नाही. ती बोट दाखवून एकेकाचे नाव सांगू लागली. "ह्यो सुदाम. आता पुण्याला हाय, गाडी चालवतो. ही मालन, दोन लेकरं हायेत तिला." ज्यांची नावे ती घेत नव्हती, त्यांची सर घेऊ लागले. "हा माणिकप्पाचा धाकटा. पाढे म्हणताना डोळे मिटायचा. आणि ही शेजारची, हिला सातचा पाढा कधीच आला नाही." सर बोलत होते, मधेच हसत होते. विनीताबाई नवऱ्याकडे बघत होत्या. लग्नाला इतकी वर्षे होऊनही ही नावे त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या.

त्याच आठवड्यात सर मला रिक्षाने सर्वेशच्या दुकानात घेऊन गेले. सर्वेशने संमेलनाच्या सीड्या करून दिल्या. एक अयोध्येला गेली, एक मनस्विनीला, एक भूकंपानंतर वसवलेल्या नव्या गावच्या शाळेला. पुढे गावातली माणसे सरांकडे येऊ लागली. कोणाला भाऊ पाहायचा असे, कोणाला आपणच लहानपणी कसे नाचलो ते. सर सगळ्यांना चहा देत आणि फीत लावत.

आता घरात नवे, पातळ पडद्याचे यंत्र आले आहे. माझ्याकडे फारसे कोणी फिरकत नाही, आणि त्याचे मला वाईट वाटत नाही. दर महिन्याला विनीताबाई माझे झाकण काढून ब्रश फिरवतात, तेवढे मला पुरते.

मित्रांनो, तुमच्या घरातही कोणाचे तरी हसणे, कोणाचा तरी आवाज एखाद्या यंत्रात एकाच जागी ठेवलेला असेल. तो आजच आणखी एका जागी ठेवा. आणि माझ्यासारखा कोणी काम करता करता गप्प झाला, तर त्याला पुसून टाकायची घाई करू नका. आधी त्याला हात लावून बघा. बिचारा तापलेला असेल.